मास्तरांच्या आवाजाचं कलम

मास्तर म्हणजे भाषणमास्तर. चारचौघांत उभं राहून समोरच्याला पटेल असं कसं बोलावं, हे ते लोकांना शिकवायचे. त्यावर त्यांचं चांगलं जाडजूड पुस्तक होतं, आणि भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा ते प्रस्तावना करून सांगायचे. त्यांची बायको वकील. माणसाच्या चेहऱ्यावर आणि आवाजावर कंपन्यांचा हक्क किती, यंत्रांना कुठवर मोकळं सोडावं, असल्या विषयांवर तिची पुस्तकं. तिला सगळे वकीलबाईच म्हणत, अगदी सासूसुद्धा. सासूचा त्यात थोडा टोमणा असायचा, थोडा अभिमान.

मास्तर छातीत कळ येऊन गेले, आणि त्या बोलक्या घरात दोन बायका उरल्या. एकीला डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, दुसरीला कशाकडे बघायची इच्छा नव्हती.

आता स्वयंपाकघरातल्या फळीवर एक वाटोळं यंत्र होतं, विचारलं की बोलून उत्तर देणारं. मास्तर हयात असताना भाषणांची तालीम त्याच्यासमोरच करायचे. त्यामुळे त्यांचा आवाज, खाकरणं, मध्येच हसणं, सगळं यंत्राच्या कंपनीकडे जमा झालेलं. वकीलबाई दार लावून पडून होती त्या दिवसांत कंपनीचा माणूस आला आणि म्हातारीला म्हणाला, "आजी, तुमच्या मुलाच्या आवाजात हे बोलेल, चालेल का?" ती "हो" म्हणाली. कोणती आई नाही म्हणेल हो?

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती फळीखाली खुर्ची ओढून बसायची. गुडघे दुखतात, खालच्या मजल्यावरची फार आगाऊ झाली आहे, वकीलबाई नीट जेवत नाही. आणि वरून मास्तरांच्या आवाजात उत्तर यायचं, "हो का, आई? मग डॉक्टरांकडे जाऊन ये ना." वकीलबाई तेवढ्या वेळात बाहेर चालायला जायची. त्या यंत्राशी ती एकदाही बोलली नाही. तत्त्व म्हणा, भीती म्हणा.

आणि मग नवा कायदा लागू झाला. माणूस गेल्यावर त्याच्या आवाजात यंत्राला बोलायला लावायचं असेल, तर त्याची जिवंतपणीची लेखी संमती हवी. नसेल तर महिनाअखेर आवाज बंद. कंपनीची सूचना आली, वकीलबाईने ती सासूला वाचून दाखवली, आणि वाचता वाचता तिची मान खाली गेली. कारण ते कलम तिनेच लिहून दिलं होतं.

"मग त्यात काय?" म्हातारी म्हणाली. "तूच केलंस, तूच मोड. त्याची संमती तर जगाला माहीत आहे. भर सभेत बोलला होता की तो!"

बोलले होते खरे. वकीलबाईच्या पुस्तकाच्या प्रकाशनाला मास्तर उठले आणि म्हणाले, "मी गेल्यावर माझा आवाज खुशाल वापरा मंडळी, नाहीतर माझ्या बायकोला भांडायला कोण मिळणार?" सभागृह हसून हसून लोटपोट. त्याचं चित्रण आहे, साक्षीदार आहेत. पण त्या घरात एक रीत होती. वकीलबाई काहीही लिहायची, तेव्हा मास्तर समोर बसून उलट पक्षाची बाजू घ्यायचे. प्रत्येक वाक्याला "का?" विचारायचे. ती चिडायची, कधी कधी कागद टाकून उठून जायची, पण परत आली की वाक्य सुधारायची. हे कलम लिहितानाही त्यांनीच विचारलं होतं, "आणि एखादा व्यासपीठावर बोलून गेला तर? आम्हा वक्त्यांचा भरवसा धरू नकोस बाई, टाळीसाठी आम्ही सख्ख्या बापालाही विकू." म्हणून तिने एक ओळ वाढवली, की जाहीर भाषणातलं बोलणं संमती म्हणून धरलं जाणार नाही. मास्तर खूश झाले होते. मग सभेत नेमकं तेच बोलून आले, आणि घरी येऊन कागदावर सही करायची राहून गेली. दोघांच्याही ध्यानातून. जगाला शहाणपण शिकवणारी माणसं ती, घरात मात्र दिव्याखाली अंधार.

"ती ओळही त्यानेच घालायला लावली?" म्हातारीने विचारलं.

"हो, आई."

"कारटं ते कारटंच," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली. "मला बाकी काही नको गं. पोटचा म्हणून आई म्हणणारा एवढा एकच होता."

ते शेवटचं वाक्य वकीलबाईला रात्रंदिवस टोचत राहिलं. जवळच्या नातेवाइकांसाठी कायद्यात सवलत ठेवावी का, यावर एक समिती लोकांचं म्हणणं ऐकणार होती. तिने कळवलं, मी बोलणार. सवलतीच्या बाजूने. ओळखीच्यांनी कपाळाला हात लावला. एकीने फोन करून सांगितलं, "अगं, जन्मभर जे लिहिलंस त्याच्यावरच बोळा फिरवणार?" वकीलबाई म्हणाली, "फिरवीन. माझं नाव राहिलं काय न् गेलं काय, म्हातारीला तिच्या लेकाचा आवाज राहू दे."

समितीची खोली लांबट होती, भिंतीला नव्या रंगाचा वास. वकीलबाई उभी राहिली आणि मास्तरांनी शिकवलं होतं तशी बोलली. सावकाश, एकेकाच्या डोळ्यांत बघत. एक आई, एक फळी, एक खुर्ची. जिचं कुणी उरलेलं नाही तिच्याकडून कायदा हा शेवटचा आधार का काढून घेतोय? अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. दोन सभासद एकमेकांकडे बघून मान हलवत होते. झालं, जमलं, असं वकीलबाईला वाटलं.

मग समोरच्या बाजूचा वकील उठला. साधा, किडकिडीत माणूस, नागरिकांच्या कुठल्याशा संघटनेतर्फे आलेला. त्याच्या हातात भाषण नव्हतं, वकीलबाईचंच पुस्तक होतं. "बाईंपेक्षा चांगलं मला बोलता येणार नाही," तो म्हणाला, "म्हणून मी बाईंचंच वाचतो." आणि त्याने वाचलं, "मेलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. त्याच्यावर ज्यांचा सगळ्यांत जास्त जीव, तेच त्याच्या तोंडी आपल्याला हवं ते घालतात. म्हणून त्याच्या वतीने नाही म्हणायला कुणीतरी हवं. ते काम कायद्याचं."

वकीलबाईने हे मूळ दोन पानं भरून लिहिलं होतं. मास्तरांनीच तासून तासून एवढंसं केलं होतं, आणि प्रत्येक ओळ मोठ्याने म्हणून बघितली होती. त्या परक्या माणसाच्या तोंडून तिला नवऱ्याची लय ऐकू येत होती, आणि ती लय तिच्याच विरुद्ध उभी होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. अध्यक्षबाईंनी विचारलं, "यावर काही म्हणायचंय का?" तिने पाण्याचा पेला उचलला, तसाच खाली ठेवला. "नाही," ती म्हणाली. "ते बरोबर आहे."

सवलत नामंजूर झाली.

घरी आल्यावर चपला काढायच्या आधीच तिने सांगून टाकलं, "आई, हरले मी."

"कुणाकडून?"

"माझ्याच पुस्तकाकडून."

म्हातारीने तिच्या हातातली पिशवी काढून घेतली. "बरं झालं," ती म्हणाली, "घरातलं घरातच राहिलं." दोघी हसल्या आणि तेवढ्यात दोघींचंही हसू मोडलं.

शेवटचा दिवस उजाडला. दुपारी आवाज बंद होणार होता. म्हातारीने खुर्ची ओढली, पण स्वतः बसली नाही. "आज तू बस," ती म्हणाली. "बायको आहेस त्याची. नुसती फिरायला जातेस ते काय मला कळत नाही होय?"

वकीलबाई बसली. इतक्या सभा गाजवणारी बाई, पण प्रस्तावना वगैरे काही न करता म्हणाली, "मी तुझा आवाज बंद होऊ देतेय. समितीत मला भांडता आलं असतं, पण मी गप्प बसले. तुला चालेल का?"

ती थांबली. आता "का?" येईल, मग दुसरा "का?", मग ती चिडेल, मग तो खाकरेल आणि हसेल. एवढंच तिला हवं होतं.

"तुला योग्य वाटेल तसं कर," मास्तरांचा आवाज म्हणाला, अगदी मऊ, अगदी तोच. "मी तुझ्या पाठीशी आहे."

उभ्या संसारात मास्तर असं एकदाही म्हणाले नव्हते. वकीलबाई पदर तोंडात कोंबून रडायला लागली. नवरा गेला त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. "तो नाहीये, आई," ती म्हणत होती. "तो नाहीच आहे हो इथे."

"मला काय नवीन सांगतेस?" म्हातारीने तिचं डोकं पोटाशी धरलं. "पहिल्याच दिवशी कळलं मला. माझ्या पोराने माझं बोलणं कधी पुरतं ऐकून घेतलंय? गुडघ्यांचा ग यायच्या आत विषय बदलायचा तो. पण आवाज त्याचा होता गं. दूध नाही म्हणून कुणी ताक टाकून देतं का?"

मग ती फळीकडे तोंड करून म्हणाली, "बाळा, जपून जा हं."

"हो, आई," यंत्र म्हणालं.

कुकरमधला भात निवून गेला. वर यंत्रात टिंग वाजलं आणि कुणा अनोळखी बाईचा ठणठणीत, आनंदी आवाज आला, "ही सेवा आता बंद करण्यात आली आहे. मी आपली काय मदत करू?"

म्हातारी दचकली. मग सुनेचा हात चाचपत म्हणाली, "तिला म्हणावं, जरा हळू बोल गं बाई. घरात माणूस गेलंय."