पुढच्या गावाला

पिठाच्या डब्याचं झाकण हातातून निसटून फरशीवर खणखणलं, तशी राजबीर स्वतःच दचकली. रावीच्या पुराचं पाणी उतरल्यापासून घराला आवाज असा राहिलाच नव्हता. पंखा बंद, कोंबड्या वाहून गेलेल्या, अंगणात घोटाभर गाळ. आणि गाळ पावलांचा आवाजसुद्धा पोटात घेतो.

"काय गं, किती उरलंय?" बाजेवरून बीजींनी, तिच्या सासूबाईंनी, विचारलं.

"उद्यापर्यंतचं आहे."

"मग आज तरी आपण श्रीमंत," म्हणत बीजींनी ओल्या चपला उन्हात सरकवल्या. "रावी आली, आठवडाभर राहिली आणि जाताना चमचेसुद्धा घेऊन गेली. अशी पाहुणी माझ्या माहेरचीही नव्हती कुणी."

राजबीर हसली. कोट मेहर गावात गेले अकरा दिवस सगळेच असे हसत होते. बांध फुटला त्या दिवशी गच्चीगच्चीवरून लोक एकमेकांना हाका मारून विचारत, कसं काय? आणि छातीएवढ्या पाण्यावरून उत्तर येई, 'चढदी कला'. मन चढतं आहे, उभारीत आहे. जिचं घर बसलं ती हेच म्हणाली, ज्याचं धान गेलं तोही हेच. घराची मागची भिंत कोसळली तेव्हा राजबीरचा नवरा परगट म्हणाला होता, बरं झालं, बीजींना तिचा रंग कधी आवडलाच नव्हता. आता तो गावच्या पुरुषांबरोबर फुटलेल्या बांधावर मातीची पोती रचत होता. चार दिवस घरी आला नव्हता.

हसू सगळ्यांना पुरत होतं. भूरीला पुरत नव्हतं.

भूरी गोठ्याच्या ओट्यावर उभी होती. गाभण, नववा महिना सरत आलेला, आणि बरगड्या लांबून मोजून घ्याव्यात अशा. पाण्याचे दिवस तिने बांधावर झाडपाला खाऊन काढले होते. घरचा भुसा भिजून काळा पडला होता, शेतात धानाच्या जागी वीतभर वाळू होती. चार जनावरांतली ही एकच मागे राहिलेली. राजबीरची सहा वर्षांची निम्रत रोज सकाळी म्हशीच्या पोटाला कान लावून आतल्या रेडकाशी बोलायची. काय बोलतेस म्हणून विचारलं तर सांगायची नाही. राजबीरनेही मनाशी एवढंच धरलं होतं: ही जगली की घरात दूध येईल, पोरीच्या ग्लासात साय येईल, आणि पहाटे उठायला काहीतरी कारण असेल.

दहाच्या सुमाराला ट्रॅक्टर ऐकू आले. त्यांच्या आधी वास आला, मुरघासाचा, आंबूस-गोड. भूरीने मान उचलली आणि दावं ताणलं. गल्लीच्या तोंडाशी तीन ट्रॉल्या येऊन थांबल्या, चाऱ्याने गच्च भरलेल्या. निळ्या पगडीचा एक म्हातारा आणि सहा पोरं उतरली.

"सत श्री अकाल, बीजी. मी मंदर सिंग, संगरूरकडून आलोय. काय हालहवाल?"

"चढदी कला," बीजी म्हणाल्या. "या, बसा. खुर्च्या रावीने नेल्या, पायरी तेवढी सोडलीय."

म्हातारा पायरीवर टेकला. "आमच्याकडे बोअरलाही पाणी नाही बघा."

"मग परत जाताना ट्रॉल्या रिकाम्या नेऊ नका. हवं तेवढं भरून घ्या इथलं."

पोरं खो खो हसली. एकाने मोबाइल काढून बीजींच्या समोर धरला. "पुन्हा म्हणा ना, बीजी."

"एकदाच फुकट. पुन्हा हवं असेल तर जेवून जावं लागेल."

दारात आलेलं माणूस उपाशी परत गेलेलं या घरात कुणी पाहिलं नव्हतं. राजबीरने परातीत सगळंच पीठ ओतलं. विचार असा काही केला नाही. हातच पुढे गेले. पुरात तरंगून वाचलेल्या बरणीतलं लोणचं काढलं, विटांच्या चुलीवर तवा ठेवला आणि सात माणसं गरम रोट्या खाऊन ढेकर देईपर्यंत ती उठली नाही. निम्रत पाणी देत होती.

हात धुऊन मंदर सिंग गोठ्याकडे बघत उभा राहिला. मग राजबीरकडे वळला. "पोरी, जनावराचं कसं काय चाललंय? एक ट्रॉली इथेच रिकामी करू का?"

हो. एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आलाही होता. पण लहानपणापासून राजबीरने रांगेत बसलेल्यांना वाढलं होतं. वडिलांबरोबर गुरुद्वारात, मग लग्नानंतर इथे, तिचा हात नेहमी वरचा राहिला होता. खालचा हात कसा पुढे करतात, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. शिवाय पलीकडच्या झंगी गावात भिंत म्हणून उरलेली नव्हती, ते तिने स्वतः पाहिलं होतं. आणि त्या पोराचा मोबाइल आता तिच्याकडे वळला होता.

"आमचं भागतंय, चाचाजी," ती हसत म्हणाली. "झंगीला द्या. त्यांचं काहीच राहिलं नाही."

निम्रतने तिचा कुर्ता ओढला. "मम्मी, भूरीला—"

"गप," म्हणत राजबीरने तिला पोटाशी दाबून धरलं.

"नक्की ना?" म्हाताऱ्याने पुन्हा विचारलं.

"नक्की. तुम्ही पुढच्या गावाला व्हा."

"निघा बाबांनो," बीजी म्हणाल्या. "आणखी थांबलात तर ही पोरगी तुमच्या ट्रॉलीत माझी बाजही टाकून देईल."

ट्रॉल्या निघाल्या. आवाज विरेपर्यंत भूरी हंबरत राहिली. राजबीर भांडी घासत होती. तिने वर पाहिलं नाही.

दुपारी तिने काळा भुसा टोपल्या-टोपल्यांनी गच्चीवर नेला, धुतला, झाडला, पसरला. वरून तो सोनेरी झाला. आत बुरशीचा वास होता. पण वास बघून टाकून द्यावं तर दुसरं काही हाताशी नव्हतं. संध्याकाळी तिने तोच भूरीपुढे टाकला. भूरी आधाशासारखी खात होती. राजबीर तिच्या कपाळावरची माती नखाने खरवडत उभी राहिली आणि तिला वाटलं, बघ, भागलं की.

दुसऱ्या दिवशी बांधावरून आलेल्या एकाच्या चार्ज असलेल्या मोबाइलवर इटलीहून तिच्या भावाचा फोन आला. "राजी, अगं तुझा व्हिडिओ इथे सगळ्यांनी पाहिला. गुरुद्वारात लोक रडले. काय हिंमत गं तुझी. 'पुढच्या गावाला व्हा', वा."

"हो," राजबीर म्हणाली.

"काही लागलं तर सांग."

"काही नाही रे. चढदी कला."

तिसऱ्या सकाळी भूरीचं पोट डावीकडे ढोलासारखं ताणलं होतं. राजबीरने उरलंसुरलं मोहरीचं तेल तिच्या घशात ओतलं. तिला ओट्याभोवती चालवलं, पोट चोळलं, आतला वारा सुटावा म्हणून तोंडात काठी आडवी बांधली. बीजी मागून ढकलत होत्या आणि एरवी ज्या शिव्या हसू आणायच्या, त्याच आज म्हशीला रडवेल्या आवाजात देत होत्या. कुणीतरी छावणीतून जनावरांच्या डॉक्टरला आणायला धावलं. तो बूट हातात धरून गाळ तुडवत आला, तोवर भूरी आडवी झाली होती. श्वास संपला होता. त्याने पोटावर हात ठेवला, आतलं रेडकूही थांबलं होतं. मग गव्हाणीतला भुसा मूठभर उचलून हुंगला.

"हे का घातलंत, बाई?"

राजबीरने भूरीच्या तोंडातली आडवी काठी काढली.

"दोन-तीन दिवस नीट चारा मिळता तरी..." त्याने भुसा खाली टाकला. "आणि चारा काय कमी आहे का. झंगीच्या पुढे वळणावर ढीग पडलाय मुरघासाचा. झंगीवाले म्हणाले आम्हाला नको, पुढे द्या. त्याच्या पुढचेही तेच म्हणाले. शेवटी त्या बिचाऱ्या ट्रॉलीवाल्यांनी रस्त्यावर ओतला आणि गेले. काल पाऊस झाला. आता सडतोय, कुत्री झोपतात त्यावर."

तो विहिरीकडे हात धुवायला गेला. बीजी बाजेपाशी उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं, बहुतेक नेहमीसारखं काही म्हणायला, आणि ओढणी तोंडाशी धरून आत गेल्या. राजबीर खाली बसली आणि भूरीच्या गळ्यातलं दावं सोडवू लागली. गाठ भिजून घट्ट झाली होती. सुटत नव्हती.

निम्रत कधी शेजारी येऊन बसली, ते तिला कळलं नाही. पोरीने सवयीने म्हशीच्या पोटाला कान लावला, बराच वेळ तसाच ठेवला. मग उठून बसली. गालाला माती लागली होती.

"मम्मी," ती म्हणाली, "मग कुणाची म्हैस वाचली?"