लांब तंगूस

“हा तंगूस कशाला निवडलास? हा तर माझ्याहून लांब आहे,” खासनीस साहेब म्हणाले.

“ह्योच बरा हाय, साहेब.” मोहियोद्दीननं मान वर न करता गाठ आवळली.

साहेबांची दोरी विलायती होती, जड, आपोआप तळाला जाणारी. तिच्या टोकाला तंगुसाचा, म्हणजे नायलॉनच्या बारीक दोऱ्याचा, तुकडा आणि तुकड्याला पिसांची खोटी माशी. त्या तुकड्याला साहेब लीडर म्हणत. खोल पाण्यात तो आखूड ठेवायचा, हे मोहियोद्दीनला पक्कं ठाऊक होतं. लांब ठेवला की दोरी तळाला बसते, पण माशी वरच तरंगत राहते आणि तळचा मासा तिच्याकडं ढुंकून बघत नाही. आज त्याला तेच हवं होतं.

कारण इथं धरणाच्या पाण्याखाली बुडालेल्या गावाची चिंच होती आणि चिंचेखाली त्याच्या बायकोची, अख्तरीची कबर. सत्तर साली कबरी हलवायची तारीख याच साहेबांनी चावडीवर वाचून दाखवली होती. पाणी तारखेच्या आठ दिवस आधी चढलं आणि कबरी खालीच राहिल्या. आता साहेबांना ते गाव आठवतही नव्हतं. “चिंचेपाशी मोठे मासे असतात म्हणे, तिकडं घे,” एवढंच ते सकाळी म्हणाले. नावाड्याची नोकरी त्यांच्याच हातात. मोहियोद्दीन दात खात वल्हवत आला होता आणि नाव त्यानं चिंचेच्या थोडी पलीकडं, अंतर ठेवून उभी केली होती.

दोन तास झाले. एक मासा लागला नाही.

“पारनेरपर्यंत नाव आहे म्हणे तुझं, चाचा. ते कशावर?”

“मासं लागंनात तर मी काय पोटातनं काढू?”

“लीडर चुकलाय तुझा.”

“लीडर आजवर कोन्ता तळापत्तूर गेलाय, साहेब?”

साहेब हसले नाहीत. त्यांनी स्वतःच डबा उघडला, सगळ्यांत जाड तंगूस हातभर तोडला, माशी बांधली आणि दोरी थेट चिंचेच्या अंगावर फेकली. दोरी बराच वेळ खाली जात राहिली. मग अडकली.

“मासा न्हाई त्यो. तोडा.”

“काही का असेना. जाड आहे, तुटायचा नाही. वर येऊ दे.” साहेबांनी पाय रोवले आणि ओढायला लागले. नाव कलली.

मोहियोद्दीननं सुरी काढली आणि विलायती दोरी साहेबांच्या हातापाशी कापली. साहेब मागच्या मागं फळीवर बसले.

“डोकं फिरलंय का तुझं? उद्यापासून कामावर येऊ नकोस.”

“न्हाई येत. माझी बायको हाय खाली. तुमीच तारीख वाचली हुती.”

साहेबांनी त्याच्याकडं बघितलं. “कसली तारीख?”

मोहियोद्दीननं वल्ही उचलली.

“काठ तर समोर दिसतोय,” थोड्या वेळानं साहेब म्हणाले. “सरळ घे की. ऊन झालंय.”

“कबरीवरनं जात न्हाईत,” तो म्हणाला, आणि रोजच्यासारखा लांबचा वळसा घालून नाव काठाला नेऊ लागला.