आजच्यापुरती माफी

रविवारी भर चर्चमध्ये उभी राहून मी म्हणाले, "मी माझ्या भावाला माफ केलं." बायकांनी डोळे पुसले, पाळकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आई तर हमसून हमसून रडली. सोमवारी सकाळी वेणी घालायला बसले, तर उजव्या हाताच्या तीन बोटांत केसांचे पेड काही राहीनात. तळपायाची आग मस्तकात गेली.

बाकीची दोन बोटं धाकट्याने घालवली. बाइंडिंगच्या कारखान्यात आम्ही बहीण-भाऊ एकाच कटिंग मशीनवर. मी पात्याखाली कागदाचा गठ्ठा सारखा करायचा, "हात काढला" म्हणायचं, मगच त्याने पायडल दाबायचं. सहा वर्षं हेच. त्या दिवशी आमचे हे धाकटे साहेब मागे वळून मॅचच्या गप्पा मारत होते, आणि मी बोलायच्या आधीच त्यांनी पायडल दाबलं. देवालाही नेमकं तेव्हाच दुसरीकडे बघायचं होतं!

अपघातानंतर चार महिन्यांनी, त्याच सोमवारी, मी कामावर परत गेले. हा मात्र घरात तोंड पाडून बसलेला. रोज एकच पालुपद, "ताई, खरंच माफ केलंस ना?" बोटं माझी गेली, आणि समजूत मी याची काढायची!

गुरुवारी सकाळी मी भांडी आपटत होते. आई म्हणाली, "अगं, देवाची दया रोज ताजी असते."

"माझा रागही रोज ताजाच असतो, आई! त्याचं काय करू?"

आईने माझ्या हातातली कढई काढून घेतली.

कारखान्यात मालकांनी सरळ सांगितलं, "दुपारी दोनपर्यंत तुझा भाऊ मशीनवर दिसला नाही, तर त्याच्या जागी दुसरा माणूस घेतो." मी तशीच घराकडे निघाले. रस्ताभर देवाशी भांडले. म्हटलं, रविवारी दिलंस ते सोमवारीच संपलं. माझ्याजवळ आता काही नाही. द्यायचं तर आत्ता दे, आणि आजच्यापुरतंच दे. जन्मभराचं मागायला माझा तुझ्यावर सध्या तेवढा भरवसा नाही.

काही झालं नाही. मन शांत वगैरे अजिबात झालं नाही. फक्त मी परत फिरले नाही.

"ऊठ, चल कामावर," मी धाकट्याला म्हणाले.

"ताई, आधी सांग, तू मला कायमचं…"

"नाही केलं! कायमचं मला जमत नाही. रोज सकाळी तुझा गळा धरावासा वाटतो. आजच्यापुरतं केलंय, तेही मागून आणून. चप्पल घाल."

तो उठला आणि त्याने चप्पल घातली. रविवारपासून पहिल्यांदाच त्याने काही विचारलं नाही.

पावणेदोनला मी पात्याखाली दोन्ही हात घातले. धाकट्याचा चेहरा पांढराफटक. गठ्ठा सारखा केला, हात बाहेर घेतले. "हात काढला."

पायडल हललं नाही.

"अरे, काढला म्हणते ना! बहिरा झालास का?"

त्याने वाकून माझे दोन्ही हात नीट पाहिले आणि मगच पायडल दाबलं. पातं खाली आलं. मी दुसरा गठ्ठा ओढला.

सुट्टी झाल्यावर तो दारापाशी घुटमळला. "ताई, उद्याचं काय?"

"उद्या आठला मशीनवर ये," मी खेकसले. "तोवर मी देवाकडून मागून आणते."