घासलेलं बोट

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी आई साकोलीच्या आमच्या अंगणात बसून बोट घासत होती. डाव्या हाताची तर्जनी, लिंबाची फोड आणि शेजारच्या चुलीतली राख. विड्या वळून वळून बोटांवर तंबाखूचा पिवळा थर बसतो. तो काढला नाही तर शाई धरत नाही, असं आमच्या गावातल्या विडीवाल्या बायका मानतात. निवडणूक आली की आदल्या दिवशी पानं-तंबाखूचं सूप बाजूला सारून सगळ्या बोटं घासत बसतात. आईनं विड्या सोडून दोन वर्षं झाली होती. बोट स्वच्छ होतं. तरी ती घासत होती.

"काहून वं हर्षा, माही मताची चिठ्ठी नाई आली अजून?"

हे तिनं तिसऱ्यांदा विचारलं. मी निवडणुकीच्या ड्यूटीची पिशवी भरत होते.

"बूथवर भेटते. पण एवढ्या उन्हात गावाले कायले जायाचं? या खेपेस राहू दे."

"तुले सरकारनं बोलावलं तं तू चालली जंगलात. मले बी सरकारनंच बोलावलं." ती हसली. "तुहा आजा सांगे, मालगुजार मत टाकाले जाये तं हा त्याची छत्री धरून मागं. मालगुजार आत, अन् छत्री अन् सोमाजी बाहेर."

मालगुजार म्हणजे गावचा जमीनदार; जमीन आणि सारा असेल त्यालाच मत, असा तो काळ. पुढे सगळ्यांना मत मिळालं तेव्हा सोमाजीआजा उजाडायच्या आत जाऊन रांगेत पहिला उभा राहिला. आईचं माहेर-सासर एकाच गावात, लाखांदूरच्या पुढे. आजा गेल्यावर तिथल्या रांगेत पहिली ती असायची.

मी शाळेत सातवी-आठवीला मताधिकाराचा धडा शिकवते. त्यावर बरंच वाचलंही आहे. आणि आईचं नाव गावच्या यादीतून मीच काढलं होतं. ती माझ्याकडे राहायला आल्यावर मी दोन फॉर्म भरले, एक गावातलं नाव कापायचा, एक साकोलीत घालायचा. गावाशी तिची येरझार थांबावी, एवढाच हेतू. तिनं सही केली. कसला कागद, हे विचारलं नाही. मास्तरीण लेकीला काय विचारायचं? पंधरा दिवसांपूर्वी मला कळलं की गावातलं नाव कापलं गेलंय आणि साकोलीचा अर्ज नामंजूर झालाय. तिला आता कुठेच मत नव्हतं. मी बोलले नाही.

निघताना मागे वळून पाहिलं. ती बोट उन्हात धरून निरखत होती.

माझं केंद्र नागझिऱ्याच्या बाजूला होतं. फोनला रेंज नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पहिली आली ती एक म्हातारी. तिचं नाव यादीत सापडेपर्यंत मी शाईची बाटली हातातच धरून होते. आई पहिल्या एसटीनं निघाली असणार, हे मला तेव्हाच कळलं. दिवसभर मी प्रत्येकाच्या बोटाला शाई लावत होते. मशीन सील करताना झोनल अधिकारी भोजराज सर आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, बाकीचं आम्ही आवरतो. तुम्ही गाडीत बसा."

मी गाडीत बसले.

लाखांदूरच्या दवाखान्यात तिच्यावर पांढरी चादर होती. डावा हात बाहेर राहिला होता. बोट तसंच, स्वच्छ.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम गावातल्या जुन्या घरी झाला. वंदना झाली, भंतेजी गेले. आईच्या फोटोपुढे मेणबत्ती जळत होती. तिच्यासोबत आयुष्यभर विड्या वळलेली मालनबाई सगळ्यांना सांगत होती.

"पहिलीच होती रांगेत. तं यादीत तिच्या फोटोवर नाव कापल्याचा आडवा शिक्का. चार घंटे निंबाच्या झाडाखाली बसली. मी म्हटलं, चाल वं पंचफुला, घरी. तं म्हने, हे गोपीचंदचंच काम हाय, नाव निघाल्याबिगर मी उठत नाई. मंग उठलीच नाई."

गोपीचंद विड्यांचा सट्टेदार, म्हणजे घरोघरी पानं-तंबाखू देऊन विड्या गोळा करणारा. चांगल्या विड्याही छाट, म्हणजे खराब, म्हणून मजुरी न देता बाजूला काढायचा, त्यावरून आई त्याच्याशी वीस वर्षं भांडली. बरोबर त्याच वेळी तो दारात आला. थकलेला, हातात पांढऱ्या फुलांचा हार.

"आता विड्यांची नाई, मान्सांची छाट काढून राहिला का बे?" मागून कोणीतरी म्हणालं.

"छाट काढली मी, नाई म्हनत नाई," तो म्हणाला. "पण नाव? माह्या हातात कुठं हाय बापा?"

"हार ठेव तिथंच अन् नीघ."

दोघंतिघं पोरं उठली. एकानं दाराची कडी धरली. गोपीचंदनं हार उंबऱ्यावर ठेवला. सगळे माझ्याकडे बघत होते, मी शिकलेली, मी काय म्हणते म्हणून. गप्प राहिले असते तरी चाललं असतं. आईसुद्धा हे गोपीचंदचंच काम मानून गेली होती.

"काका, थांबा," मी म्हणाले. पोरांना म्हटलं, "बसा खाली."

मग मी फोटोकडे वळले.

"आई, तुहं नाव यानं नाई कापलं. मी कापलं. ज्या कागदावर तू सही केली, तो तुहं नाव काढायचा होता. मले माहीत होतं, तरी मी तुले सांगितलं, चिठ्ठी बूथवर भेटते."