उत्तमरावच्या छकडीचा उजवा टायर

मी टायर बोलतोय. दचकू नका, फुटणार नाही. फुटायचं वय गेलं माझं. अंगावरची नक्षी पार झिजली, तुळतुळीत झालोय. पण एके काळी मला निवडायला दोन शहाण्या माणसांनी अख्खा दिवस घातला होता, हे सांगून आज कोणाला पटणार नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. साच्यातून निघालो तेव्हा अंग भाजत होतं, एवढंच. पुढे शेतकी खात्यातल्या एका साहेबांच्या फटफटीचं मागचं चाक झालो. साहेब गावोगाव जाऊन कपाशीवरची कीड समजावून सांगायचे आणि लोक माना डोलवत माझ्याकडे बघत राहायचे. मग फटफटी भंगारात निघाली आणि मी अकोल्याच्या जुन्या बाजारात, ढिगाच्या तळाशी.

शहात्तर सालच्या दिवाळीनंतर तिथे दोघे आले. एक उत्तमराव. शिरपूर जैनच्या जवळच त्याचा मळा, वांगी आणि मेथीचा. म्हणजे सात-बारा त्याचा, मळा बायकोच करायची; तो शंकरपट करायचा. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत. बैलांमागे असते छकडी, जेमतेम एक माणूस मावेल एवढी हलकी गाडी. दरसाल आसेगावच्या पटात मानोऱ्याकडचा किसनसिंग उत्तमरावला हरवायचा. यंदा उत्तमरावच्या डोक्यात आलं की दोष बैलांचा नाही, लाकडी चाकांचा. रबरी चाकं लावली की छकडी वाऱ्यासारखी सुटणार! सोबतचा देवमन, शिरपूरचा सायकल दुकानवाला. त्याला ही कल्पना स्वतःचीच वाटत होती.

आता टायर निवडायची पद्धत ऐका. आधी देवमनने मला टरबुजासारखं टिचकी मारून पाहिलं. मग उत्तमरावने अंगठा दाबला, नाक लावून वास घेतला आणि डोळे मिटून उभा राहिला.

"काय म्हनते?" देवमनने विचारलं.

"जोर हाये याच्यात. पळाचा जोर."

त्याच्या अंगठ्याने पडलेला खळगा माझ्या अंगावर अजून भरलाही नव्हता. माझा जोडीदार घेतला तो भलत्याच फटफटीचा, पुढच्या चाकाचा, अंगाने किरकोळ. दोघांना छकडीला लावलं तेव्हा ती डावीकडे कलली. "वळनावर कामी येईन," देवमन म्हणाला. पटाला वळण नसतं, सरळ पट्टी असते, पण हे बोलायचं कोणी?

मग हवेचा घोळ सुरू झाला. देवमनच्या मते टायर दगडासारखा कडक हवा, म्हणजे उडत जाईल. उत्तमरावच्या मते मऊ हवा, म्हणजे माती धरील. देवमन सकाळी पंप मारून गेला की उत्तमराव व्हॉल्व्ह दाबून थोडी सोडायचा. संध्याकाळी देवमन अंगठा लावून म्हणायचा, "पाह्य, कडक हाये ना?" आणि उत्तमराव म्हणायचा, "मऊ हाये, तेच पाह्यजे." दोघंही खूश.

रुख्मिणी, उत्तमरावची बायको, हे सगळं विहिरीवरून बघायची. पाखऱ्या आणि बादशा हे दोन बैल गोठ्यात सरकी खात उभे, आणि ही हाताने बादल्या ओढून मळा भिजवायची. मोटेला बैल जुंपले तर त्यांची पळायची चाल मोडते, असं उत्तमरावचं म्हणणं. घरची मोट वळचणीला वाळत पडलेली. रुख्मिणीच्या तळहाताची साल गेली होती. हळद लावून ती तसाच दोर धरायची आणि तरीही निम्मे वाफे कोरडेच राहायचे.

एक दिवस ती सरळ छकडीपुढे येऊन उभी राहिली.

"रबराचं लावा का सोन्याचं लावा. पन आयका, आवंदा हरले तं हे बैल मोटीले जुंपाचे. नाही तं मळा मोडला समजा, मी बादलीले हात लावनार नाही. देवमनभाऊ, तुमी साक्षी हा."

"हरतो कायले?" उत्तमराव हसला. "मंजूर! बादशाची आन!"

"मंग एकडाव चालवून तं पाहा."

"तुले चाकातलं काय समजते? पटाआधी मातीत उतरवलं तं नक्षी झिजते. आन् किसनसिंगच्या मानसाईनं पाह्यलं तं तोही रबर लावते."

म्हणून आमची सगळी तालीम हवेत. छकडी दगडांवर टेकवलेली, उत्तमराव मला हाताने गरकन फिरवायचा आणि देवमन वाहवा करायचा. जागच्या जागी गरगरून मला भोवळ यायची. माझा वेग अख्ख्या शिरपुरात गाजला, जमिनीला न टेकता!

पटाच्या आधीच्या बाजाराच्या दिवशी दोघे मित्र आसेगावला पट्टी पाहायला गेले. मातीचं ढेकूळ फोडून बघायचं होतं म्हणे. इकडे वांग्यांच्या टोपल्या न्यायला शेजाऱ्याची गाडी आलीच नाही. रुख्मिणीने थोडा वेळ वाट पाहिली, मग छकडी दगडांवरून उतरवली, टोपल्या तिच्यावर कशाबशा बांधल्या आणि बैल जुंपले.

जन्मात पहिल्यांदा मला रस्ता लोण्यासारखा वाटला. पण बैल? जे पाखऱ्या-बादशा चौखूर उधळायचे, ते वरातीत निघाल्यासारखे डुलत चालले.

"काहून रे बादशा? पाय भरले का?"

येताना टोपल्या रिकाम्या होत्या आणि रुख्मिणीचा भाकरीचा डबाही. खड्डा आला, डबा घरंगळला, त्याच्या आत झाकणी खडखडली, आणि बैल असे सुटले की ती पडता पडता वाचली. तिने डबा उचलून पोटाशी धरला. बैल पुन्हा डुलत चालू लागले. तिने डब्याकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं. मग मुद्दाम डबा हलवून पाहिला. बैल सुटले. धरला. थांबले.

"अवो माय!" एवढंच ती बोलली.

मलाही तेव्हाच उमगलं. हे बैल जन्मभर पळत होते ते मागच्या लाकडी चाकांच्या खडखडाटाला भिऊन. आणि आम्ही दोघे पडलो मुके.

संध्याकाळी उत्तमराव घरी आला. रुख्मिणी म्हणाली, "आयका, या चाकाचं म्या काय पाह्यलं..."

"चाकाचं तू नको बोलू वं! पट्टी पाहून आलो, एकदम टनक. आता परमेसर आला तरी हरत नाही."

तो आत गेल्यावर तिने बादली उचलली. पाण्याने माझ्या अंगावरची माती धुतली, आणि छकडी पुन्हा दगडांवर.

पटाच्या दिवशी आमचा थाट काय सांगू! हळदकुंकू, झेंडूची माळ, लिंबू. देवमनने पंप मारला, उत्तमरावने हवा सोडली. किसनसिंग आपली जुनी लाकडी चाकं घेऊन आलेला. त्याने वाकून माझ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. खोटं कशाला सांगू, मी फुगलो होतो, हवेशिवायही.

बायका पटाला सहसा येत नसत. त्या दिवशी रुख्मिणी आली. कडेला उभी, पदराखाली भाकरीचा डबा.

झेंडा पडला. "हाऽऽय बादशा!" उत्तमराव ओरडला. बैलांनी पहिली झेप तर जोरात घेतली, पण मागे काहीच वाजेना. पाखऱ्याने मान वळवून पाहिलं. बादशाने कान सैल सोडले. बाजूने किसनसिंगची छकडी धडधडत निघून गेली, आणि आमचे दोघे डुलायला लागले.

"वऱ्हाड निघालं व्हय!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. "नवरी कुठं हाये?"

उत्तमराव शेपट्या पिरगाळत होता, ओरडून ओरडून त्याचा घसा बसला. आम्ही रुख्मिणीच्या समोरूनच गेलो. तिने डबा एकदा हलवला असता तरी पुरे होतं. तिने तो दोन्ही हातांनी गच्च धरला होता, आतली झाकणी वाजू नये म्हणून. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. नवऱ्याची अशी फजिती बघणं तिलाही सोपं नव्हतं. पण हात ढिले केले नाहीत. मला दोघांचंही वाईट वाटलं.

"हवा कमी पडली," परतीच्या वाटेवर देवमन म्हणाला.

"जास्त झाली," उत्तमराव म्हणाला.

पण उत्तमराव माणूस शब्दाचा. बादशाची आन घेतलेली, देवमन साक्षीला. दुसऱ्या दिवशी मोटेला तेल लावलं, बैल विहिरीच्या धावेवर, मोट ओढायच्या उतारावर उभे केले आणि तो मान खाली घालून दोरावर बसला. बैल उताराला लागले, विहिरीवरचं चाक करकर, खडखड वाजलं...

आणि पाखऱ्या-बादशा सुटले! मोट भडाभडा वर आली, मोटेचं पाणी पडायचं थारोळं भरून वाहिलं, उत्तमराव दोरावर टांगलेला. "हाऽऽय बादशा!" आपसूकच त्याच्या तोंडून निघालं. मळ्यावर माणसं जमायला लागली. एवढी पळणारी मोट साऱ्या शिरपुराने पाहिली नव्हती. कोरडे वाफे भिजले. रुख्मिणी बांधावर बसून हसत होती आणि तळहात पदराला पुसत होती.

आम्हा दोघा टायरांवर आता फळी टाकलीय. वांगी बाजाराला नेतो, एकालाही डाग पडत नाही. बैल डुलत चालतात आणि येताना रुख्मिणी टोपलीला टेकून झोपते. देवमन अजून हवा भरतो, उत्तमराव अजून सोडतो. वाचकहो, मला म्हातारपणी पटात नेऊ नका, एवढीच विनंती. माझ्यासारख्या मुक्याला हीच नोकरी बरी.

परवा बाजारातून येताना उत्तमराव हाकत होता. बराच वेळ माझ्याकडे वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "रुख्मे, मले अजून समजलं नाही वं. टायर निवडून आनला, हवा बरोबर, बैल वाघासारखे. मंग आपन हरलो काहून?"

रुख्मिणीने डोळे उघडले नाहीत. मांडीवरचा डबा तेवढा नीट धरला.

"मले चाकातलं काय समजते?" ती म्हणाली.

मी गपचूप फिरत राहिलो.