सासऱ्यांची कुबडी

मी एक जुनी कुबडी आहे. मित्रांनो, माझे नाव ऐकताच माणसांचा चेहरा उतरतो, हे मला ठाऊक आहे. सुताराने मला चांगल्या लाकडातून घडवले, काखेखाली मऊ गादी बसवली, तळाला रबर चढवले. तरी आजवर मला कोणी हौसेने घरी नेले नाही. माझ्यासोबत चारचौघांत दिसायची सगळ्यांना लाज वाटते.

सर्वांत जास्त लाज वाटली ती सलूनवाल्या आजोबांना. उभ्या उभ्या लोकांचे केस कापण्यात त्यांचा जन्म गेला होता. दुकानातला आरसा पुसताना ते स्टुलावरून पडले आणि पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये गेला. ते एकटे राहत, म्हणून लेकीने त्यांना आपल्या घरी आणले. लेक सकाळीच कामावर जाई. घरी उरत ते जावई. ते घरीच बसून घड्याळे दुरुस्त करत. आजोबा पाठीमागे त्यांना 'घरकोंबडा' म्हणत, आणि हे जावयांच्या कानावर गेले होते.

आता त्याच जावयांनी उठवायचे, अंग पुसायचे, संडासापर्यंत न्यायचे. आजोबा तेवढा वेळ डोळे मिटून घेत. पुन्हा पुन्हा हाक मारावी लागू नये म्हणून पाणीसुद्धा बेताने पीत.

एका दुपारी त्यांनी हाक मारलीच नाही. मला काखेत धरून एकटेच संडासाकडे निघाले. माझे रबर झिजून गुळगुळीत झाले होते. न्हाणीघराच्या दाराशी मी सरकले. आजोबा आपटले, प्लास्टरला तडा गेला आणि त्यांचे कपडे ओले झाले.

जावई धावत आले. काही न विचारता त्यांनी आजोबांचे कपडे बदलले, त्यांना उचलून पलंगावर बसवले. तेवढ्यात दारात लेकीच्या चपला वाजल्या. जावयांनी भरलेली बादली फरशीवर ओतली.

"माझ्या हातून सांडली. बाबा घसरले," ते म्हणाले.

लेकीने त्यांना फैलावर घेतले. घड्याळातली एवढीएवढी चाके सांभाळता, एक माणूस सांभाळता येत नाही का, म्हणाली. जावई खाली मान घालून फरशी पुसत राहिले. आजोबांनी चादर तोंडावर ओढून घेतली. मी दाराशी आडवी पडले होते. मला मान असती, तर तीही वर झाली नसती.

दवाखान्यात नवे प्लास्टर घालताना डॉक्टरांनीही जावयांनाच बोल लावला. तेव्हा मात्र आजोबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "त्यांनी काही सांडलं नाही. मला वेळेत पोचता आलं नाही. त्यांनी माझी लाज झाकली."

लेकीने नवऱ्याची ओली बाही नुसती धरून ठेवली.

एवढ्याने लाज गेली असे नाही. घरी परतल्यावर आजोबा जिन्याच्या पायथ्याशी कितीतरी वेळ माझ्यावरच रेलून उभे राहिले. आजवर ते जावयांशी तुटकपणे 'अहो-जाहो' करत. शेवटी वर न बघता म्हणाले, "बाळा, जरा हात दे."

पाय बरा झाला आणि मी माळ्यावर गेले. आता तिथेच धूळ खात पडले आहे. मित्रांनो, माझी कोणी बहीण तुमच्या घरी असेल, तर तिचे रबर वेळेवर बदला. आणि तिला धरून चालणारे माणूस हाक मारायला कचरत असेल, तर त्याच्या हाकेची वाट पाहू नका. जवळ जाऊन बसा. काही सांडले असेल, तर न बोलता पुसून टाका.