ताईने पुसलेलं शेवटचं गाणं

मित्रांनो, शिवणकामाच्या दुकानात खडूच्या डब्याला टेकून बसलेली जुनी कॅसेट म्हणजे मी. माझ्या पोटात नऊ गाणी होती. आता आठच आहेत.

दुकान दोन बहिणींचं. ताई मापं घ्यायची, कापड बेतायची. धाकटी मापं वहीत लिहायची आणि काजं करायची. एका बँडवर दोघींचा भारी जीव. त्या बँडची जुनी गाणी लागली की ताईचं शिलाई मशीन नुसतं पळायचं. मी त्याच बँडचा नवा अल्बम. मोठ्या कौतुकाने मला आणलं आणि पहिल्याच दिवशी ताईने नाक मुरडलं.

"ही कसली रडगाणी! यांना झालंय तरी काय?"

"ताई, दहा वेळा ऐक, मग बोल. शेवटचं तर ऐकच," धाकटी म्हणाली.

"मला दुसरे उद्योग नाहीत वाटतं?"

माझा तोरा तिथेच उतरला.

पुढे धाकटी आजारी पडली आणि घरीच अंथरुणाला खिळली. मापं लिहायला कुणी उरलं नाही, आणि ताईचे दोन्ही हात गिऱ्हाइकाभोवती गुंतलेले. गाणी चुकून पुसली जाऊ नयेत म्हणून माझ्या पाठीवर जी उघडी खाच असते, तिला तिने चिकटपट्टी लावली, मला टेपरेकॉर्डरमध्ये सरकवलं, रेकॉर्डचं बटण दाबलं आणि मापं मोठ्याने बोलली. माझी फीत शेवटच्या गाण्यापाशी थांबलेली होती; त्या मापांखाली तेच पुसलं गेलं. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. त्या दिवशी मात्र यायला हवं होतं.

काही दिवसांनी धाकटीने मला घरी मागवून घेतलं. संध्याकाळी ताई तिच्या उशाशी बसली.

"ऐकलीस का गं गाणी?" धाकटीने विचारलं.

"हो तर. आवडली."

"आणि शेवटचं?"

"ते तर फारच छान."

धाकटी इतकी हसली की तिला खोकला आला. "अगं, त्यात तूच आहेस! छाती छत्तीस, कंबर तीस!"

ताईचं तोंड एवढंसं झालं. "उद्याच नवी आणते."

"नवी नको. हीच ऐक नीट, आणि मग मला सांग."

ताईने शब्द दिला. पण आधी शाळेच्या गणवेशांची ऑर्डर हातावेगळी करू, असं तिने ठरवलं. ऑर्डर संपली, त्याच आठवड्यात धाकटी गेली.

मग ताई मला रोज लावू लागली, केवळ शब्द दिला होता म्हणून. सुरुवातीला तिचं मन लागेना. सहाव्या-सातव्या खेपेला तिसऱ्या गाण्यापाशी मशीनवरचा तिचा पाय थांबला. पुढे ती पाचवं गुणगुणू लागली. एका सकाळी तिने हात मांडीवर ठेवून आठही गाणी ऐकली आणि रडत म्हणाली, "आवडलं गं. खरंच आवडलं." ऐकायला फक्त मी होते.

आता माझी फीत झिजली आहे, आवाज थरथरतो. मला धुळीपासून जपा, उन्हात टाकू नका, असं सांगणार होते. पण ते राहू द्या. कुणी आपलं आवडतं गाणं तुमच्या हाती देऊन 'ऐक' म्हणालं, तर त्याच दिवशी ऐका. नाही आवडलं तर तोंडावर सांगा, हवं तर भांडा. ताईला आता भांडायलासुद्धा कुणी नाही.